वाडीबाहेरचं पहिलं मंडळ

बिरवाडीच्या पंचक्रोशीत मंडळांना तोटा नाही. वाडीचं ग्रामस्थ मंडळ असतं आणि त्याची मुंबईची शाखा असते, तिची सभा परळ-लालबागपासून नालासोपाऱ्यापर्यंत कुठेतरी भरते. गणपतीचं मंडळ असतं, भजनी मंडळ असतं, बायकांचे बचत गट असतात, टेनिस बॉल क्रिकेटचा संघ असतो आणि त्याच्या टी-शर्टावर ग्रामदेवतेचं नाव असतं. मोहल्ल्यात जमात असते, बौद्धवाडीत बौद्धजन पंचायतीची शाखा असते. इथला मुलगा जन्मतो तेव्हाच यांपैकी दोन-तीन मंडळांचा सभासद झालेला असतो. वर्गणी घरावर बसते, नाव बापाचं लागतं, आणि सभेत कुठे बसायचं हेही बहुधा ठरलेलं असतं.

अठराव्या वर्षी हा मुलगा किंवा ही मुलगी पदवीच्या वर्गात जाते आणि फलकावर एक सूचना वाचते: वाङ्मय मंडळात सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी नावं द्यावीत. इथे घर विचारत नाहीत, वाडी विचारत नाहीत, ‘कुणाचा रे तू?’ हा कोकणातला पहिला प्रश्नही कुणी विचारत नाही. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने सभासद होण्याची आयुष्यातली ही पहिली संधी असते. मोठ्या शहरातल्या कॉलेजांच्या मंडळांवर, त्यांच्या महोत्सवांवर आणि एकांकिकांवर आपण पुष्कळ लिहितो. बिरवाडी, महाड, पोलादपूर या पट्ट्यातल्या छोट्या कॉलेजांत हेच काम फार कमी पैशांत आणि फार थोड्या वेळात चालतं, आणि माझ्या मते तिथे त्याचं मोल जास्त आहे.

आधी जागा समजून घेऊ. बिरवाडी हे काळ नदीच्या काठचं बाजाराचं गाव, महाडपासून आठ-दहा किलोमीटरवर. एका बाजूला महाडची औद्योगिक वसाहत, रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या कुशीत शिरत गेलेल्या वाड्या. रायगड किल्ला याच तालुक्यात, शिवथरघळ याच तालुक्यात, आणि देवाच्या माशांसाठी प्रसिद्ध असलेली वाळणची कोंड याच काळ नदीवर. पदवीसाठी इथली मुलं प्रामुख्याने महाड गाठतात. तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ सालचं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. पोलादपुरात सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून ते उमरठ, कापडे या बाजूंपर्यंतची मुलं तिथे येतात. सगळा कारभार मुंबई विद्यापीठाचा. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ पार सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळे फोर्टमध्ये निघालेलं परिपत्रक जसं चर्चगेटच्या कॉलेजला लागू, तसंच पोलादपूरला.

महाडच्या कॉलेजची मातृसंस्था बाबासाहेबांनी १९४५ साली काढली, आणि मंडळांचा विचार या संस्थेच्या मुळातच होता. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली सुरू झालं तेव्हा वक्तृत्व मंडळाच्या जागी तिथे विद्यार्थ्यांचं पार्लमेंट उभं राहिलं. मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष, विधेयकं, सगळं रीतसर. हिंदू कोड बिलासारख्या विषयावर बाबासाहेब स्वतः त्या पार्लमेंटपुढे बोलले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात पन्नाशीच्या दशकात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केलं, आणि दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही तिथून सुरुवात करावी लागते. त्याच मिलिंदच्या आवारातल्या लेखन-वाचनाच्या चळवळीतून पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं राहिलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं नाटक आणि कॉलेजच्या आवारातलं नियतकालिक यांनी मराठी साहित्याचा एक अख्खा प्रवाह सुरू करून दिला. स्नेहसंमेलन म्हणजे नुसता धांगडधिंगा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

या वारशातलं आज महाड-पोलादपुरात काय दिसतं? भित्तिपत्रक दिसतं. जिन्याजवळच्या भिंतीवर काचेची पेटी, आत निळं किंवा लाल कापड लावलेला फळा. विषय ठरलेले असतात: ऑक्टोबरमध्ये वाचन प्रेरणा दिन, फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन, मार्चमध्ये महिला दिन आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह, अधूनमधून रानभाज्या किंवा पक्षी. कार्डशीट बाजारातून आणायचं, समासाच्या रेषा पेन्सिलीने मारायच्या, मथळा ज्याचं अक्षर चांगलं त्याने स्केचपेनने लिहायचा. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात हवेतच एवढं पाणी असतं की शाई कागदावर फुटते. पंधरा दिवसांत कार्डशीट पोटाशी फुगतं, टाचण्यांना गंज चढतो, आणि काचेच्या आतल्या बाजूने पांढरी बुरशी धरते. म्हणून इथली जाणती मुलं पावसाळी अंक बॉलपेनने लिहितात. ही युक्ती एक तुकडी दुसऱ्या तुकडीला देत जाते.

त्या फळ्यावर काय लागतं तेही वाचण्यासारखं असतं. प्रेमाच्या चारोळ्या असतातच, त्या असाव्यातच. पण त्यांच्या शेजारी कधी आजीकडून ऐकलेली जात्यावरची गाणी सापडतात, कधी कुर्डूची भाजी कशी करतात ते, कधी कंपनीच्या सांडपाण्याविषयी चार रोखठोक ओळी. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव आणि वर्ग खाली असतो. गावात ज्या मुलीचं नाव लग्नपत्रिकेखेरीज कुठे छापून येण्याची शक्यता नाही, तिचं नाव महिनाभर सगळं कॉलेज येता-जाता वाचतं. कधी कधी घरूनही कुणीतरी ते बघायला येतं.

तरी या भागातल्या विद्यार्थीजीवनाचा खरा कणा मला विचाराल तर तो वाङ्मय मंडळ नाही, राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांवर ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. मुंबई विद्यापीठात एनएसएस केलं की दहा ग्रेस मार्क मिळतात, आणि बरीच मुलं पहिल्यांदा त्या दहा मार्कांसाठीच नाव घालतात. त्यात काही वावगं नाही. दहा मार्कांसाठी आलेला मुलगा शिबिराच्या पाचव्या दिवशी कसा असतो ते महत्त्वाचं.

शिबिर साधारण डिसेंबर-जानेवारीत, भातकापणी उरकल्यावर, एखाद्या दत्तक गावात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या जातात, मुलींची खोली वेगळी, मुलांची वेगळी. गट पाडतात आणि त्यांना नावं बहुतेक नद्यांची नाही तर किल्ल्यांची: सावित्री, गांधारी, काळ, लिंगाणा. पहाटे उठून प्रभातफेरी, मग चहा, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान (त्यालाच बौद्धिक म्हणायची पद्धत), संध्याकाळी गावात सर्वेक्षण, रात्री देवळापुढे पथनाट्य आणि नकला.

श्रमदानात सर्वांत जास्त होतो तो वनराई बंधारा. रायगड जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरीही पोलादपूर-महाडच्या वरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, कारण उतारावरचं पाणी थांबतच नाही. ओढ्याला धार असते तोवर ती अडवली तर गुरांना आणि थोड्याफार भाजीपाल्याला पुढचे काही आठवडे पाणी राहतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, त्यात माती-रेती भरायची, तोंड सुतळीने शिवायचं, आणि विटा रचतात तशा सांधे चुकवून ओळीवर ओळ लावायची. एका गोणीला दोन माणसं लागतात. गोणी काठोकाठ भरली तर ती गोल होते आणि बसत नाही. दोन बोटं रिकामी ठेवली तरच ती खालच्या गोणीवर अंग टाकते. हे गावातला कुणीतरी म्हातारा काठावर उभा राहून सांगतो. पहिल्या दिवशी मुलं त्याचं ऐकत नाहीत, दुसऱ्या दिवशी पाझर बघून ऐकतात. तिसऱ्या दिवशी तोच म्हातारा पाण्यात उतरलेला असतो.

दुसरी जागा स्वयंपाकाची. रोज एक गट स्वयंपाकाला, मुलगे-मुली दोन्ही. इथली भाकरी तांदळाची, उकड काढून करायची, आणि ती ज्वारी-बाजरीपेक्षा लहरी. उकड गरम असतानाच मळावी लागते, हात पोळतो, पाणी कमी झालं तर कडेला चिरा जातात. घरी पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारा मुलगा त्या दिवशी परातीपुढे बसतो. त्याची भाकरी नकाशासारखी होते, पण ती पंगतीत वाढली जाते आणि खाल्ली जाते. त्या पंगतीत मराठा, कुणबी, बौद्ध, धनगरवाड्यावरचा, मोहल्ल्यातला असे सगळे एका ओळीत बसलेले असतात. कातकरी वाडीवरचा मुलगा पदवीपर्यंत अजून क्वचित पोहोचतो. पोहोचला तर तोही असतो. पाण्याचा हंडा एक, डाव एक. सात दिवस हे रोज दोनदा घडतं आणि त्याबद्दल कुणी भाषण करत नाही.

महाड तालुक्यात या गोष्टीला वजन आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली आणि २० तारखेला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केलेला होता, तो अंमलात येत नव्हता. त्या परिषदेची हालचाल ज्यांनी सुरू केली ते दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते, म्हणजे आजच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याएवढे. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांना लहानपणीच झगडावं लागलं होतं. गावोगाव निरोप पोहोचवणं, वर्गणी जमवणं, मांडव घालणं, माणसांची जेवणाखाण्याची सोय बघणं: परिषद भरते ती अशाच कामांतून. शिबिरात मुलं जे शिकतात ते नेमकं हेच आहे, म्हणून मी शिबिराला एवढी जागा दिली.

आता अडचणीकडे येतो, आणि पहिली अडचण एसटीची. विद्यार्थ्यांना एकतृतीयांश भाड्यात मासिक पास मिळतो, तो नसता तर इथली निम्मी मुलं कॉलेजचं तोंड बघू शकली नसती. पण पास गाडी देत नाही. वरच्या वाड्यांना दिवसातून मोजक्या फेऱ्या, दुपारची एक चुकली की थेट संध्याकाळची, आणि पावसात ती येईलच असं नाही. त्यामुळे मंडळाचं प्रत्येक काम शेवटचं लेक्चर आणि गाडी यांच्यामधल्या फटीत बसवावं लागतं. एकांकिकेची तालीम चाळीस मिनिटांत. कबड्डीचा सराव गणवेशावरच. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची प्राथमिक फेरी तर ऐन पावसाळ्यात येते. लोकनृत्याला पंधरा दिवस सराव पाहिजे, आणि त्याच पंधरा दिवसांत सावित्री-गांधारीला पूर येऊन रस्ता बंद होतो. घरोघर जाखडी नाचणारी मुलं या भागात आहेत, पायात ठेका जन्मापासून आहे. तरी स्पर्धेत ती मागे पडतात ती ठेक्यामुळे नाही, सरावाला एकत्र येता येत नाही म्हणून.

मुलींच्या बाबतीत ही फट आणखी अरुंद आहे. संध्याकाळची गाडी म्हणजे अंधारात फाट्यावर उतरणं आणि तिथून चालत वाडी. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो. तिला ते घरी सांगता येत नाही. म्हणून वर्षभर भित्तिपत्रक काढणारी, शिबिरात गट चालवणारी, सूत्रसंचालन करणारी मुलगी संध्याकाळच्या बक्षीस समारंभाला नसते. तिचं नाव पुकारलं जातं आणि प्रशस्तिपत्र मैत्रीण घेते. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोग होतो, पण इथे अडतं ते वेळापत्रकावर. काही शिक्षक घरी फोन करून बोलतात, काही जण स्वतःच्या गाडीतून मुलींना वाडीपर्यंत पोहोचवतात. अशा शिक्षकांची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

मुलांना ओढणारी दुसरी बाजू कंपनीची. बिरवाडीच्या शेजारी वसाहत असल्याने कंत्राटदाराकडे काम मिळतं, रोख मिळतं. नाईट करून आलेला मुलगा सकाळच्या लेक्चरला बसतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात एवढंच. त्याला मंडळात ये म्हणायला तोंड धजत नाही. तरीही क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या सामन्याला तो येतो, कारण तिथे तो कामगार नसतो. जिमखान्याला छोट्या कॉलेजात मैदान सपाट करण्यापुरतेही पैसे मिळत नाहीत, ही खरी लाजेची गोष्ट आहे.

आणि वेळच कमी झाला आहे. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून सत्र पद्धत आणली. पूर्वी जून ते जानेवारी मोकळा असायचा, आता वर्षातून दोनदा परीक्षा, त्यांचे अंतर्गत प्रकल्प, फॉर्म, हॉल तिकिटं. स्नेहसंमेलन तीन दिवसांवरून एका दिवसावर आलं. साडी डे, टाय डे, रोज डे एकाच आठवड्यात उरकतात. मला त्या डेजविषयी अढी नाही. आईची पैठणी नेसून एसटीतून आलेल्या मुलीचा तो दिवस तिचा असतो. पण डे झाला म्हणजे मंडळ झालं, असं होऊ लागलं आहे, ते बरं नाही.

विद्यार्थी प्रतिनिधींचंही तेच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९ साली त्या होणार असं जाहीरही झालं, आणि त्या झाल्या नाहीत. मोठ्या शहरांत हाणामारीची भीती असेल. पण ज्या कॉलेजात सगळे एकमेकांना नावाने ओळखतात तिथे एक साधी मतपेटी ठेवली तर काय बिघडतं? इथल्या मुलाने मतदान पाहिलेलं असतं ते ग्रामपंचायतीचं, आणि तिथे मत बहुतेक भावकी ठरवते. जातीपातीच्या, वाडीच्या हिशेबाबाहेर जाऊन माणूस निवडण्याचा सराव त्याला कॉलेजात मिळाला असता. तो आपण तीस वर्षं त्याला दिलेला नाही.

आता २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, खेळ, कला यांना श्रेयांक मिळू लागले. हे काम अभ्यासाचाच भाग आहे असं निदान कागदावर मान्य झालं, याचा मला आनंद आहे. धास्ती आहे ती कागदाचीच. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो लागतो, फोटोवर अक्षांश-रेखांश लागतात, हजेरीपत्रक लागतं, अहवाल लागतो. जिथे मराठी शिकवणारी व्यक्तीच वाङ्मय मंडळ, एनएसएस आणि ग्रंथालय समिती सांभाळते, तिथे कार्यक्रमापेक्षा अहवालाला जास्त रात्री जातात. मग बॅनर आधी छापला जातो, त्यापुढे उभं राहून फोटो निघतो, आणि झाडू हातात घेतलेली मुलं फोटो झाल्यावर पांगतात. मुलांना हे कळतं, आणि एकदा कळलं की ती पुढच्या वेळी मनापासून येत नाहीत. बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकलं हे मार्चमध्ये जाऊन पाहण्याची अट परिपत्रकात घातली असती तर मी त्या परिपत्रकाचं स्वागत केलं असतं.

मंडळांचा उपयोग काय, हे या भागाने संकटात पाहिलेलं आहे. २२ जुलै २०२१ ला तळियेची वाडी दरडीखाली गेली, ८० हून अधिक माणसं गेली, आणि त्याच वेळी महाड पाण्याखाली होतं. कोविडमुळे कॉलेजं तेव्हा बंदच होती. तरी पाणी ओसरल्यावर घरांतला कमरेएवढा चिखल उपसायला फावडी घेऊन जे तरुण उतरले, त्यांत शिबिरं केलेली मुलंमुली होती. त्यांना गट पाडायला, कोण कुठल्या आळीत जाणार ते ठरवायला, औषधांच्या आणि पाण्याच्या याद्या करायला कुणी शिकवावं लागलं नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल रात्री कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, तेव्हाही शोध चालू असताना नदीकाठच्या गावांतली तरुण पोरं दिवसचे दिवस काठावर होती. महाडची सिस्केप ही संस्था गिधाडं वाचवायचं काम करते, म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या जंगलात गिधाडांची वस्ती टिकली ती या कामामुळे. तिच्याकडे वळणाऱ्या मुलांनाही निसर्गाची पहिली गोडी बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या एखाद्या सहलीतच लागलेली असते.

पदवीनंतर यातली बहुतेक मुलं कंपनीत, मुंबईला, पुण्याला पांगतात. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला आणि गणपतीला परत येतात, तेव्हा वाडीच्या मंडळाच्या सभेत बसतात. तिथे एक फरक दिसू लागला आहे. हिशेब लिहून मागणारा, इतिवृत्त वाचून दाखवा म्हणणारा, ‘सूनबाईंनाही बोलू द्या’ म्हणणारा कुणीतरी असतो. चौकशी केली तर तो कधीतरी कॉलेजात कुठल्या तरी मंडळाचा चिटणीस होता, असं निघतं.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. मोठ्या सभा होतील, मंत्री येतील, लाखोंचा समुदाय येईल. या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या मंडळांसाठी मात्र एक वेगळं काम तिथे वाट बघतं आहे. १९२७ ला परिषदेला गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज बिरवाडीच्या, दासगावच्या, पोलादपूरच्या वाड्यांवर आहेत. कोण कुठल्या वाटेने चालत आलं, भाकरी कुणी बांधून दिली, परत गेल्यावर गावाने कसं वागवलं, कुणाचा बहिष्कार किती दिवस टिकला, हे घराघरांतल्या आठवणींत असेल. वाङ्मय मंडळाने प्रश्नावली करावी, एनएसएसच्या गटांनी वाड्या वाटून घ्याव्यात, मोबाइलवर आवाज टिपावा, आणि जे हाती येईल ते नाव-गाव-तारखेसह उतरवून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवावं. सगळ्या वाड्यांची मुलं त्यात पाहिजेत. ज्यांच्या आजोबांनी पाणी प्यायलं त्यांची, आणि ज्यांच्या आजोबांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते शुद्ध करून घेतलं त्यांचीही. काम एका सत्रात होणारं नाही. या जूनमध्ये पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या तुकडीने ते सुरू केलं तर ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत पहिला खंड तयार होईल.